कॅटलॉगमध्ये पुस्तक दिसतं, पण हाती लागत नाही: छात्राध्यापकांची नेहमीची अडचण

सराव पाठांचे दिवस जवळ आले की ग्रंथालयातल्या माझ्या चौकशी टेबलासमोर एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागते. "काल उघडत होतं, आज पैसे मागतंय." "शोधलं की दिसतं, पण लिंक कुठेच नेत नाही." "स्क्रीनवर 'उपलब्ध' लिहिलंय आणि कपाटात जागा रिकामी आहे." विचारणारा छात्राध्यापक बहुतेक वेळा मनाशी ठरवूनच आलेला असतो की ग्रंथालयाकडे पुस्तक नाहीच. जे विचारायलाही येत नाहीत ते जुन्या टिपणांवरून पाठ टाचण काढतात, आणि ज्या पुस्तकाने त्यांचा पाठ सावरला असता ते तसंच पडून राहतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

उपाय शोधण्याआधी आपली अडचण कोणत्या जातीची आहे ते ओळखा. स्क्रीनवरचा संदेश ते सांगत असतो, फक्त तो घाईत वाचला जात नाही. निकालच आले नाहीत, तर चूक शोधशब्दात आहे किंवा तुम्ही भलत्याच ठिकाणी शोधताय. पुस्तकाची किंमत किंवा 'खरेदी करा' असं बटण दिसलं, तर प्रकाशकाच्या साइटने तुम्हाला विद्यापीठाचा सदस्य म्हणून ओळखलेलं नाही. 'सर्व प्रती वापरात आहेत' असं आलं, तर तुम्हाला ओळखलं आहे, पण तुमच्याआधी कुणीतरी पुस्तक उघडून बसलं आहे. फाइल उतरली आणि उघडत नाही, तर गोष्ट तुमच्या फोनमधल्या किंवा लॅपटॉपमधल्या ॲपची आहे. या चार दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. 'सर्व प्रती वापरात' हा संदेश पासवर्ड बदलून जात नाही, आणि किंमत दाखवणारं पान दहा वेळा रिफ्रेश करून बदलत नाही.

विद्यापीठात उघडतं, सराव शाळेतून उघडत नाही

छात्राध्यापकांना सगळ्यात जास्त छळणारी अडचण ही, आणि तिचं कारण कळलं की निम्मा त्रास तिथेच संपतो. विद्यापीठाच्या आवारात तुम्ही वाय-फायवर असता तेव्हा प्रकाशकाच्या साइटला तुमचं नाव माहीत नसतं. तिला फक्त विद्यापीठाचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्कचा इंटरनेटवरचा ओळखक्रमांक, दिसतो. त्या पत्त्याला वर्गणी भरल्याची नोंद असल्यामुळे पुस्तक आपोआप उघडतं. आपण लॉगिन केलंच नव्हतं, हे तुमच्या लक्षातही येत नाही. मग आंतरवासितेसाठी तुम्ही शाळेत जाता, शाळेचं वाय-फाय किंवा स्वतःचा मोबाइल डेटा वापरता. साइटला आता अनोळखी पत्ता दिसतो आणि ती तुम्हाला सरळ दुकानात नेऊन उभी करते.

बाहेरून वाचायचं असेल तर आपण कोण आहोत हे साइटला कळवावं लागतं. त्याचे साधारण तीन मार्ग आहेत. पहिला प्रॉक्सी: ग्रंथालयाच्या लिंकमधून गेलात की आधी विद्यापीठाचं लॉगिन पान येतं, आणि पुढची सगळी ये-जा ग्रंथालयाच्या सर्व्हरमार्फत होते. साइटला विद्यापीठातूनच कुणी आल्यासारखं वाटतं. दुसरा संस्थात्मक लॉगिन: प्रकाशकाच्या पानावर 'संस्थेमार्फत प्रवेश' असा पर्याय शोधायचा, यादीतून आपलं विद्यापीठ निवडायचं आणि विद्यापीठाच्याच पानावर पासवर्ड टाकायचा. तिसरा विद्यापीठाचं व्हीपीएन, म्हणजे तुमचं यंत्र बाहेरूनच विद्यापीठाच्या नेटवर्कला जोडणारं ॲप. यांपैकी तुमच्याकडे कोणता चालतो ते ग्रंथालयाच्या मदत-पानावर लिहिलेलं असतं. ते शाळेत रुजू होण्याआधी वाचून ठेवा आणि एकदा घरून करूनही बघा.

इथे बहुतेकांची चूक ठरलेली असते. पुस्तकाचं नाव गूगलवर टाकायचं, प्रकाशकाचं पान उघडायचं आणि तिथे 'लॉगिन' दिसलं की विद्यापीठाचा आयडी घालायचा. ते लॉगिन त्या साइटच्या स्वतःच्या खातेदारांसाठी असतं. तुमचा पासवर्ड कितीही बरोबर असला तरी तिथे तो चालणार नाही. सुरुवात नेहमी ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधून करा. तिथली 'ऑनलाइन पाहा' ही लिंक प्रॉक्सीतून जाणारी असते, म्हणून तीच वापरायची.

बुकमार्कचीही अशीच गडबड होते. पुस्तक उघडल्यावर वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून ठेवला, तर तो बऱ्याचदा त्या सत्रापुरताच असतो आणि दुसऱ्या दिवशी मेलेला निघतो. गटातल्या मित्रमैत्रिणींना पाठवलेली लिंक 'माझ्याकडे उघडते, तुझ्याकडे नाही' असं का होतं, त्याचं उत्तर यात आहे. कॅटलॉगच्या नोंदीत 'स्थायी लिंक' किंवा 'पर्मालिंक' असते, ती जपून ठेवा. प्रकरणाला डीओआय, म्हणजे कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, दिलेला असेल तर तोही टिकतो, फक्त तो उघडल्यावर संस्थात्मक लॉगिन करावं लागतं.

एवढं करूनही पान फिरून फिरून लॉगिनवरच येत असेल, तर आधी खासगी विंडोत उघडून बघा. तिथे चाललं, तर साध्या विंडोतल्या जुन्या कुकीज (साइट्सनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) किंवा ब्राउझरला जोडलेलं एखादं एक्स्टेन्शन आडवं येतंय. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शनं आणि बाहेरच्या कुकीज बंद करणारी सेटिंगं लॉगिनची साखळी मध्येच तोडतात. फोनवर स्वतःचं एखादं मोफत व्हीपीएन ॲप चालू असेल तर ते बंद करा. शाळेच्या वाय-फायवर काही साइट्स मुलांच्या सुरक्षिततेसाठी अडवलेल्या असतात, त्यामुळे कधीकधी विद्यापीठाचं लॉगिन पानसुद्धा पूर्ण येत नाही. पाच मिनिटं मोबाइल डेटावर जाऊन बघितलं की शंका फिटते. यंत्रातली तारीख आणि वेळ चुकली असेल तर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. जुन्या लॅपटॉपवर हे हमखास घडतं.

आणखी एक कारण छात्राध्यापकांच्याच वाट्याला येतं. सत्र बदलताना तुमची नोंदणी पुढे सरकायला वेळ लागला, तर विद्यापीठाचं ईमेल चालू राहतं पण ग्रंथालयाचं सदस्यत्व संपलेलं असतं. मग सगळीच ई-पुस्तकं एका दिवसात बंद होतात. एकच पुस्तक बंद झालं तर दोष त्या पुस्तकाचा, सगळीच बंद झाली तर आधी आपलं सदस्यत्व तपासा.

'सर्व प्रती वापरात आहेत'

ई-पुस्तकाला प्रती कशा, असं पुष्कळजण विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. ग्रंथालय ई-पुस्तक विकत घेतं तेव्हा खरं तर ते वापरण्याचा परवाना घेतं. तो एका वेळी १ वाचक, एका वेळी ३ वाचक किंवा कितीही वाचक अशा प्रकारांत मिळतो, आणि वाचकसंख्येप्रमाणे किंमत चढते. एका वाचकाचा परवाना असलेलं पुस्तक म्हणजे कपाटातल्या एकुलत्या एका प्रतीसारखंच. संपूर्ण तुकडीला एकाच आठवड्यात एकच वाचनयादी मिळाली, तर काय होणार ते सांगायला नको.

कॅटलॉगच्या किंवा ई-पुस्तकाच्या पानावर परवाना कोणता आहे ते बहुधा लिहिलेलं असतं. तो एका वाचकाचा असेल तर गर्दीच्या संध्याकाळी ताटकळण्यापेक्षा पहाटे बघा. वाचून झाल्यावर पुस्तक बंद करा, नुसती खिडकी मागे टाकू नका. उघडी राहिलेली टॅब कितीतरी वेळ तुमची जागा अडवून ठेवते आणि तुमच्या मागचा ताटकळत राहतो. 'रांगेत नाव लावा' असा पर्याय असेल तर तो वापरा, कारण त्या मागणीची नोंद ग्रंथालयापर्यंत पोहोचते आणि मोठा परवाना घ्यायला तीच नोंद कामी येते. माझा आग्रह यापुढचा आहे: तुमच्या शिक्षक-प्रशिक्षकांना सांगा की यादी ग्रंथालयाकडे आधी पाठवा. आम्हाला तीन आठवडे आधी कळलं तर परवाना वाढवता येतो. तुकडी दारात उभी राहिल्यावर कळलं तर नुसतं सहानुभूतीने बोलता येतं.

ई-पुस्तकांच्या बऱ्याच साइट्सवर अख्खं पुस्तक उसनं न घेता हवं तेवढंच प्रकरण पीडीएफ म्हणून उतरवता येतं, आणि ते मुदत संपल्यावर बंद पडत नाही. पाठ टाचणासाठी तुम्हाला बहुधा एकच प्रकरण लागतं. मात्र पानांची मर्यादा असते, आणि ती पुस्तकागणिक बदलते. एका बसणीत सगळी प्रकरणं ओढून घेण्याच्या भानगडीत पडू नका. प्रकाशकाच्या यंत्रणेला तो गैरवापर वाटला, तर ती पूर्ण विद्यापीठाचा प्रवेश तात्पुरता रोखू शकते.

फाइल उतरली, पण उघडत नाही

उतरवलेल्या फाइलच्या नावाचा शेवट 'एसीएसएम' असा असेल तर ते पुस्तक नाही. ती नुसती पावती आहे, काही किलोबाइटांची. ती ॲडोबी डिजिटल एडिशन्समध्ये किंवा ती ओळखणाऱ्या वाचन-ॲपमध्ये उघडली की ॲप ती पावती दाखवून खरं पुस्तक आणतं. नेहमीच्या पीडीएफ वाचकात ती उघडणारच नाही. त्या ॲपमध्ये ॲडोबीचा आयडी लागतो. फोनवर आणि लॅपटॉपवर एकच आयडी वापरा, नाहीतर एकीकडे उसनं घेतलेलं पुस्तक दुसरीकडे 'दुसऱ्या वापरकर्त्याचं' म्हणून अडतं. मुदत संपली की फाइल आपोआप बंद होते, ती बिघडलेली नसते. पुन्हा उसनं घ्यायचं.

दृष्टीच्या किंवा वाचनाच्या अडचणीमुळे तुम्ही स्क्रीन रीडर वापरत असाल आणि पुस्तक नुसतं चित्रासारखं येत असेल, तर एकट्याने झगडू नका. ग्रंथालयं अशा वाचकांसाठी प्रकाशकाकडून वेगळी फाइल मागवू शकतात. तो तुमचा हक्क आहे.

शोधून सापडतच नाही तेव्हा

आधी आपण कुठे शोधतोय ते बघा. आजकाल ग्रंथालयाच्या पहिल्या पानावरचा मोठा शोधखोका पुस्तकांबरोबर लेख, परीक्षणं, प्रबंध असं सगळंच चाळतो. त्यात पुस्तकाचं नाव टाकलं की पहिल्या क्रमांकावर हमखास त्या पुस्तकाचं कुणीतरी लिहिलेलं परीक्षण येतं. दोन पानी पीडीएफ उघडते आणि 'पुस्तक अपूर्ण आहे' अशी तक्रार माझ्याकडे येते. डावीकडच्या गाळण्यांत 'पुस्तक' निवडलं की हा घोळ मिटतो. याउलट 'फक्त ऑनलाइन' ही गाळणी चालू राहिली असेल तर कपाटातली छापील प्रत दिसतच नाही. आणि 'आमच्या संग्रहापलीकडचे निकाल' अशी खूण चालू असेल तर ग्रंथालयाकडे नसलेली पुस्तकंही यादीत येतात. 'दिसतं पण मिळत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढीच एक खूण असते.

वाचनयादीत लेखक आणि शीर्षक दिलं असेल, पण ते संपादित ग्रंथातलं प्रकरण असेल, तर प्रकरणाच्या नावाने पुस्तक सापडणार नाही. यादीतल्या नोंदीत 'संपा.' किंवा 'मध्ये' असा शब्द आहे का पाहा, आणि त्यापुढच्या ग्रंथाच्या नावाने शोधा. उपशीर्षक गाळून टाका. लेखकाचं आडनाव आणि शीर्षकातले दोन ठळक शब्द पुरतात.

आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळखक्रमांकावर, भरवसा ठेवताना जपून. एकाच ग्रंथाच्या पुठ्ठा-बांधणीच्या, साध्या बांधणीच्या आणि ई-आवृत्तीचे क्रमांक वेगवेगळे असतात, त्यामुळे छापील प्रतीच्या मागचा क्रमांक टाकून ई-पुस्तक मिळालं नाही म्हणजे ते नाही असं होत नाही. २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी झाला. जुन्या १० अंकी क्रमांकापुढे नुसतं ९७८ जोडून चालत नाही, कारण शेवटचा तपासणी-अंकही बदलतो.

विषयावरून शोधताना खरी गोम अशी की शाळेतली भाषा आणि कॅटलॉगची भाषा एक नसते. शिक्षक 'वर्ग कसा आवरायचा' म्हणतात. ग्रंथपालांच्या नोंदीत त्याला 'क्लासरूम मॅनेजमेंट' असं ठरलेलं नाव असतं. इंग्रजी नोंदींत कुठल्याही शालेय विषयाच्या अध्यापनाला 'स्टडी अँड टीचिंग' हे शेपूट लागतं. म्हणून 'हाउ टू टीच फ्रॅक्शन्स' असं टाकून हताश होण्यापेक्षा 'मॅथेमॅटिक्स' आणि 'स्टडी अँड टीचिंग' एकत्र टाका. त्याहून सोपी युक्ती म्हणजे एक उपयोगी पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीतल्या विषयशीर्षकावर क्लिक करायचं. त्याच शीर्षकाखाली ठेवलेली सगळी भावंडं समोर येतात. मी स्वतः कुठलाही नवा विषय शोधताना हीच युक्ती वापरतो, आणि तुम्हाला या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा.

मराठी पुस्तकांचा शोध वेगळ्याच ठिकाणी अडतो. जुन्या नोंदींत मराठी शीर्षकं रोमन लिपीत लिहिलेली असतात, आणि प्रत्येकाचं लिप्यंतर वेगळं. 'शिक्षण' मधला 'श' कुणी दोन अक्षरांनी लिहितो, कुणी एका, तर कुणी टिंब-रेघांच्या चिन्हासकट. देवनागरी नोंदींतही ऱ्हस्व-दीर्घ जुन्या-नव्या नियमांप्रमाणे बदलतात. संपूर्ण शीर्षक टाकण्यापेक्षा बिनधोक असा एकच शब्द टाका, आणि शब्दाचा शेवट नक्की नसेल तर नक्की असलेल्या भागापुढे तारांकन (*) लावा. बहुतेक कॅटलॉग ते ओळखतात. लेखकाचं नाव आडनावापासून आणि स्वतःच्या नावापासून, असं दोन्हीकडून शोधून बघा.

कपाटात जागा रिकामी आहे

पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत शिक्षणाचा विभाग ३७० पासून सुरू होतो. शैक्षणिक मानसशास्त्र ३७०.१५, अध्यापनपद्धती ३७१.३, विशेष शिक्षण ३७१.९, प्राथमिक शिक्षण ३७२. कपाटापाशी होणारी नेहमीची चूक दशांशाची. ३७१.१०२ हा क्रमांक ३७१.३ च्या आधी येतो, कारण बिंदूनंतर एकेक अंक तुलना करायचा असतो. '१०२ म्हणजे तीनपेक्षा कितीतरी मोठं' असं समजून छात्राध्यापक कपाटाच्या शेवटापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परततात. गणिताच्या छात्राध्यापकांनाही हे होतं, म्हणून यात लाजण्यासारखं काही नाही.

त्याहून मोठी फसगत विषयाध्यापनाची आहे. प्राथमिक वर्गांना गणित शिकवण्याची पुस्तकं ३७२.७ मध्ये, वाचन शिकवण्याची ३७२.४ मध्ये, म्हणजे शिक्षणाच्या कपाटातच मिळतात. माध्यमिक वर्गांना गणित शिकवण्याची पुस्तकं मात्र गणिताच्या कपाटात ५१०.७१२ या क्रमांकाला असतात, कदाचित वेगळ्याच मजल्यावर. इतिहासाची ९०७ मध्ये. 'शिक्षणाच्या विभागात माझ्या विषयाचं काहीच नाही' असं म्हणणाऱ्या माध्यमिकच्या छात्राध्यापकाला मी आधी त्याच्या विषयाच्या कपाटाशी नेतो. तुमचं ग्रंथालय लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत वापरत असेल तर शिक्षण 'एल' अक्षरात, त्यातली अध्यापनाची पुस्तकं 'एलबी'त, आणि गणिताध्यापन 'क्यूए ११'ला. भावंडं दोन घरांत विभागलेली असणं तिथेही आहेच.

क्रमांक बरोबर, जागाही बरोबर, तरी पुस्तक नाही? मग ते परत आलेल्या पुस्तकांच्या गाडीवर असेल, वाचनकक्षातल्या टेबलावर असेल, किंवा शेजारच्या फळीवर चुकून खोचलेलं असेल. दोन्ही बाजूंची दहा-दहा पुस्तकं नजरेखालून घाला. नोंदीत 'केवळ संदर्भासाठी' किंवा दुसऱ्या शाखेचं नाव आहे का, तेही बघा. शालेय पाठ्यपुस्तकं आणि बालसाहित्य कित्येक विद्यापीठांत वेगळ्या संग्रहात असतं. तरीही सापडलं नाही तर टेबलाशी येऊन 'शोधून द्या' अशी नोंद करा. ती केली नाही तर कॅटलॉग पुढच्यालाही 'उपलब्ध' म्हणूनच सांगत राहील.

खरंच नसेल तर

काही गाजलेली अध्यापनाची पाठ्यपुस्तकं ई-स्वरूपात ग्रंथालयांना मिळतच नाहीत. प्रकाशक ती फक्त व्यक्तीला विकतात, संस्थेला नाही. ग्रंथालयाने घेतली नाहीत असा समज करून घेऊ नका. छापील प्रत आंतरग्रंथालयीन देवाणघेवाणीतून मागवता येते, पण तिला दिवस लागतात. एखादं प्रकरण स्कॅन करून मिळू शकतं. खुल्या ग्रंथांसाठी डीओएबी (डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स) ही निर्देशिका २०१२ पासून चालू आहे. तिथली पुस्तकं कायदेशीर आणि विनामूल्य आहेत, आणि लॉगिनही लागत नाही. संशोधन-लेख आणि अहवाल हवे असतील तर शिक्षणक्षेत्राची 'एरिक' ही माहितीसूची कुणालाही खुली आहे. तिथले 'ईडी'ने सुरू होणारे क्रमांक असलेले दस्तऐवज पुष्कळदा पूर्ण वाचायला मिळतात.

मदत मागताना 'उघडत नाही' एवढंच लिहू नका. पुस्तकाचं नाव, तुम्ही ज्या लिंकवरून गेलात ती जशीच्या तशी, स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो, वेळ, कोणतं नेटवर्क आणि कोणता ब्राउझर, एवढं पहिल्याच ईमेलमध्ये द्या. सदस्य क्रमांक द्या, पासवर्ड कुणालाही देऊ नका, आम्हालाही नाही. आणि शाळेत रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात, विद्यापीठाच्या वाय-फायवर बसलेले असतानाच, पहिल्या चार पाठांची प्रकरणं उतरवून फोनमध्ये ठेवा.